हॅमचा परवाना परदेशात चालतो का? ग्रेड, पासपोर्ट आणि परस्पर मान्यता

केळीबाग, फैजपूर :

राम राम मंडळी. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारे, आधीच मोजके. त्यात परवाना काढलेली तरुण पोरं शिकायला बाहेर गेली की त्यांचा सेट माळ्यावर जातो, तो पुन्हा खाली येत नाही. हे थांबावं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

आमच्या घरात सध्या दोन प्रश्न आहेत. पुतणीने कॉलेजात असताना रेस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना काढला, व्हीयू३ कॉलसाइन (हवेत सांगायचं ओळखनाव) आहे. ऑगस्टमध्ये ती एमएस करायला ॲरिझोनाला जाणार आहे. तिकडे याच परवान्यावर बोलता येईल, की पुन्हा पहिल्यापासून परीक्षा?

दुसरा प्रश्न उलटा आहे. भाचा टेक्ससमध्ये जन्मला, तिकडचाच नागरिक, तिकडच्या पहिल्या पायरीचा टेक्निशियन परवाना आहे. दिवाळीत आजोळी येतोय. म्हणतो, "मामा, माझा हातातला सेट, हँडी, घेऊन येतो, आपण सातपुड्यात पालला जाऊन बोलू." मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. जाणकारांनी नीट सांगावं, म्हणजे दुसऱ्यांनाही उपयोग होईल.

तारबाबू, भुसावळ :

भाऊ, हो म्हटलं नाहीत ते उत्तम केलंत. भाच्याचं पुढे सांगतो. आधी आपल्याकडच्या पायऱ्या मांडतो, कारण बाहेर काय चालेल हे बरंचसं त्यावरच ठरतं.

परवाना दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते, दिल्लीहून. मूळ नियम १९७८ चे, नंतर दुरुस्त्या झाल्या. पूर्वी ग्रेड वन, ग्रेड टू, ॲडव्हान्स्ड अशा बऱ्याच पायऱ्या होत्या. आता दोनच राहिल्या, रेस्ट्रिक्टेड आणि जनरल. रेस्ट्रिक्टेडला मोर्स (तारेची टिंब-रेघेची लिपी) नाही, एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या लहरींवर, ५० वॅटची मर्यादा, कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू. जनरलला मोर्स आहे, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने घ्यायचं आणि पाठवायचं. मर्यादा ४०० वॅट, कॉलसाइन व्हीयू२. वयाची १२ वर्षं पूर्ण हवीत. अर्ज सरलसंचार पोर्टलवर, परीक्षा मॉनिटरिंग स्टेशनवर. आपल्या भागातल्या पोरांना बहुधा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागते.

आता भाचा. भारत आणि अमेरिका यांच्यात परस्पर मान्यता आहे. पण दोन्ही बाजूंची पद्धत सारखी नाही, आणि लोक इथेच फसतात. अमेरिकेने पाहुण्या हॅमसाठी वेगळा कागद ठेवलेलाच नाही. करारातल्या देशाचा नागरिक असाल आणि त्याच देशाचा परवाना असेल, तर तिथे उतरल्यापासून बोलू शकता. आपल्याकडे मात्र परदेशी नागरिकाने डब्ल्यूपीसीकडे अर्ज करायचा आणि परवाना हातात आल्यावरच सेट चालू करायचा. करार आहे म्हणून त्याचा अर्ज विचारात घेतला जातो, एवढाच त्याचा अर्थ. आणि आपल्याकडे नुसतं बोलणंच नव्हे, परवान्याशिवाय सेट जवळ बाळगणं हासुद्धा १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सेट विमानतळावरून आत आणायचा तर त्याचीही परवानगी हवी. दिवाळीला यायचं असेल तर त्याने आत्ताच अर्ज करावा, शेवटच्या महिन्यावर ठेवू नये.

त्याच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर त्याने फरक पडत नाही. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे.

अमळनेरकर, न्यू जर्सी :

तारबाबू काका म्हणतात ते बरोबर आहे. अमेरिकेच्या बाजूचं मी सांगतो.

इथे तीन पायऱ्या आहेत : टेक्निशियन, जनरल, एक्स्ट्रा. पहिल्या दोन परीक्षांत ३५ प्रश्न, २६ बरोबर यावे लागतात. एक्स्ट्राला ५० पैकी ३७. प्रश्नसंच सगळा उघड असतो, उत्तरांसकट. मोर्स २००७ च्या फेब्रुवारीत पूर्ण काढून टाकला. परवाना १० वर्षांचा, त्याचं शुल्क ३५ डॉलर. परीक्षा सरकार घेत नाही, हॅम लोकच स्वयंसेवक म्हणून घेतात, ऑनलाइनसुद्धा. नागरिकत्वाची अट नाही, पत्रव्यवहाराला अमेरिकेतला पत्ता लागतो.

पुतणीसाठी : भारतीय पासपोर्ट आणि भारतीय परवाना दोन्ही असल्यामुळे ती पहिल्या दिवसापासून बोलू शकते. ॲरिझोना सातव्या विभागात येतं, म्हणून स्वतःच्या कॉलसाइनआधी डब्ल्यू ७ आणि तिरपी रेघ लावायची. प्रत्येक संभाषणात निदान एकदा गाव आणि राज्य सांगायचं. मर्यादा मात्र दोन्हीकडच्या लागू होतात. अमेरिकेत १५०० वॅट चालतात म्हणून रेस्ट्रिक्टेडवाल्याला ते मिळत नाहीत, तिचे ५० ते ५०.

आणि हे वाक्य नीट वाचा, कारण इथे भल्याभल्या पोरांचं नुकसान झालेलं पाहिलंय. ज्याच्याकडे अमेरिकेचा स्वतःचा परवाना आहे, त्याला परस्पर मान्यतेचा फायदा मिळत नाही. नियमातच तसं लिहिलंय. म्हणजे व्हीयू२ असलेला मुलगा इथे येतो, सोपी आहे म्हणून टेक्निशियन परीक्षा देतो आणि पास होतो. तो परवाना मिळाला की त्या क्षणापासून त्याला टेक्निशियनचेच अधिकार. १४ मेगाहर्ट्झवर, जिथून तो गावाकडे बोलायचा, टेक्निशियनला बोलताच येत नाही. परीक्षा पास होऊन माणूस खाली आला!

केळीबाग, फैजपूर :

बापरे. मग तिने तिकडची परीक्षा द्यायचीच नाही का?

अमळनेरकर, न्यू जर्सी :

द्यायची, पण टेक्निशियनवर थांबायचं नाही. टेक्निशियन पास झालं की त्याच बैठकीत पुढचा जनरलचा पेपर देता येतो. माझं मत स्पष्ट आहे. भारतातून निघायच्या आधी दोन्हींचा अभ्यास करून यावं, एकाच बैठकीत दोन्ही द्यावेत. तोवर व्हीयू३ वर बोलावं.

आणखी एक. इथला परवाना मिळाला म्हणून भारतातला संपू देऊ नका. ती भारतीय नागरिक आहे, सुट्टीत घरी आली की अमेरिकन परवान्याचा तिला काहीच उपयोग नाही. आपला परवाना २० वर्षांचा किंवा आजीवन मिळतो, तो जपून ठेवावा.

पांझराकाठ, धुळे :

माझा मुलगा पुढच्या वर्षी जर्मनीला जायचं म्हणतोय. तो व्हीयू२ आहे. अमेरिकेसारखं तिकडेही आपोआप चालेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. युरोपात तर एका देशाचा परवाना सगळीकडे चालतो ना?

बोरीचं पाणी, सध्या स्टुटगार्ट :

दादा, चालतो, पण त्या मंडळात भारत नाही.

युरोपातल्या टपाल-दूरसंचार प्रशासनांची सीईपीटी नावाची संघटना आहे. १९८५ साली तिने एक शिफारस केली, टी/आर ६१-०१. सभासद देशाच्या पूर्ण दर्जाच्या परवान्यावर दुसऱ्या सभासद देशात तीन महिन्यांपर्यंत, अर्जबिर्ज न करता बोलता येतं. जास्त दिवस राहायचं असेल त्यांच्यासाठी पुढे दुसरी शिफारस आली, ६१-०२. तिच्यामुळे परीक्षेचा अभ्यासक्रम एकसारखा झाला आणि त्याचं प्रमाणपत्र, ज्याला इथे सगळे हॅरेक म्हणतात, दाखवलं की नव्या देशात परीक्षेशिवाय स्थानिक परवाना मिळतो. खालच्या पायरीसाठी २००५ मध्ये सीईपीटी नोव्हिस आलं. युरोपाबाहेरचे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, इस्रायल असे देशही यात सामील झाले आहेत.

भारत यात नसल्यामुळे आपला ४०० वॅटचा जनरल ग्रेडही इथे आपोआप काही देत नाही. जर्मनीच्या नियामकाकडे स्वतंत्र अर्ज करायचा किंवा इथली परीक्षा द्यायची. परीक्षा जर्मन भाषेत आहे. पूर्वी इथे ई आणि ए असे दोनच वर्ग होते. २०२४ च्या जूनपासून एन नावाचा सोपा वर्ग आला, पण तो देशाबाहेर चालत नाही. ई म्हणजे नोव्हिसच्या बरोबरीचा, ए म्हणजे हॅरेक. तुमचा मुलगा भाषा शिकणारच असेल तर त्याने ए हेच ध्येय ठेवावं. तोवर एखाद्या क्लबात जावं. परवानाधारक शेजारी बसून देखरेख करत असेल तर शिकाऊ माणसाला बोलू देतात. मी तसंच सुरू केलं आणि माणसं फार आपुलकीने वागली.

अमळनेरकर, न्यू जर्सी :

यात आणखी एक गाठ आहे. अमेरिका सीईपीटीत सामील आहे खरी, पण एक्स्ट्रा असेल तरच पूर्ण दर्जा. जनरलला नोव्हिस, टेक्निशियनला काहीच नाही. आणि अमेरिकेकडून ही सवलत फक्त अमेरिकन नागरिकांना आहे. म्हणजे आमच्यासारखा भारतीय पासपोर्टवाला इथे एक्स्ट्रा झाला तरी त्या जोरावर पॅरिसमध्ये बोलू शकत नाही. अमेरिका खंडातल्या देशांचा आयएआरपी नावाचा वेगळा परवाना आहे, तोही आपल्या कामाचा नाही.

गिरणा, चाळीसगाव :

माझी बहीण लीड्सला आहे. इंग्लंडचं थोडक्यात : फाउंडेशन, इंटरमीडिएट, फुल अशा तीन पायऱ्या. फाउंडेशन २००२ मध्ये सुरू झालं, ते घरबसल्या ऑनलाइन देता येतं आणि नवशिक्याला फार सोयीचं आहे. पण ब्रिटनबाहेर न्यायचं तर फाउंडेशन पुरत नाही. सगळीकडे तोच प्रकार दिसतोय, सोपी पायरी घरातच राहते.

पांझराकाठ, धुळे :

स्टुटगार्टवाल्या भाऊंचे मनापासून आभार. आता माझी तक्रार मांडतो आणि ती गंभीरपणे घ्यावी.

मी कॉलेजात शिकवतो. दरवर्षी पोरं उत्साहाने रेस्ट्रिक्टेड होतात. थिअरी त्यांना जड जात नाही. ओहमचा नियम, रेझोनन्स, स्टँडिंग वेव्ह रेशो, सगळं येतं. पुढे जनरलला मोर्स म्हटलं की तिथेच थांबतात. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती गेली, ज्या त्या देशाने ठरवावं असं झालं. अमेरिकेने काढली, युरोपातल्या बहुतेकांनी काढली. आपण ठेवली. मग जगातल्या परस्पर मान्यतेच्या चर्चेत आपला वरचा ग्रेड एका अशा कौशल्यावर अडतो जे दुसरीकडे कोणी विचारतच नाही. सर्किट उत्तम जाणणारी मुलगी ५० वॅटवर राहते, हा अन्याय आहे. मोर्स ऐच्छिक करावा आणि तांत्रिक पेपर अवघड करावा, असं माझं ठाम मत आहे.

तारबाबू, भुसावळ :

सर, तुमची तळमळ समजते. मोर्स ऐच्छिक झाला तर मी विरोधाला उभा राहणार नाही. पण नियम बदलेपर्यंत पोरांनी थांबू नये, हे माझं म्हणणं.

माझी नोकरी रेल्वेच्या तारघरात गेली. सरकारी तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, रेल्वेचं त्याच्या कितीतरी आधी आटोपलं होतं. ८ शब्द हा वेग तुम्ही समजता तसा डोंगर नाही. परीक्षेतला उतारा पाच मिनिटांचा, म्हणजे २०० अक्षरं, दीड सेकंदाला एक. शिकवताना लोक चूक काय करतात, तर डिट-डाचा तक्ता भिंतीवर लावतात. मग पोर आधी आवाज ऐकतं, डोळ्यांसमोर टिंबं मोजतं, मग अक्षर आठवतं, आणि तोवर पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. मी तक्ता दाखवतच नाही. अक्षर पहिल्यापासून वेगातच वाजवतो आणि दोन अक्षरांमधली जागा लांबवतो. क्यू ऐकला की क्यू, तुकडे पाडायचे नाहीत. हळूहळू मधली जागा कमी करत आणायची.

मोर्स वाजवायची 'की', म्हणजे दाबायचं बटण, विकत घ्यायचीही गरज नाही. हॅकसॉची जुनी पाती घ्या, एक टोक लाकडी फळीवर स्क्रूने आवळा, दुसऱ्या टोकाला पेनाचं टोपण किंवा गोटीएवढं बटण चिकटवा, खाली पितळी स्क्रूचं डोकं. पातीचा रंग त्या जागी घासून काढा, नाहीतर संपर्क धरत नाही. स्क्रूचं डोकं आणि पाती यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. मनगट सैल, कोपर टेबलावर. आमच्या ओट्यावर अशाच पातीवर शिकलेली पोरं आज व्हीयू२ आहेत.

वाघळी, चोपडा :

काका, मला येऊ द्याल का शिकायला? मी अजून रेस्ट्रिक्टेडही नाही, बारावी झालीय.

तारबाबू, भुसावळ :

ये की. रेस्ट्रिक्टेडचा अभ्यास आणि मोर्स एकत्रच सुरू कर, थेट जनरललाही बसता येतं. व्यक्तिगत निरोप पाठव, पत्ता देतो.

धडगावकर, अक्राणी :

मला वेगळं विचारायचंय. आमच्याकडे पावसाळ्यात मोबाइलचं नेटवर्क जातं, रस्ताही जातो. म्हणून मी परवाना काढला, आणि तोरणमाळच्या माथ्यावरून हँडीवर जे ऐकू येतं ते खाली दरीत येत नाही हेही शिकलो. माझा भाऊ अटलांटात हॅम आहे. आई म्हणते, सेटवरून त्याच्याशी बोलू दे. मी माइक तिच्या हातात दिला तर चालेल का? दोन देशांत मान्यता आहे असं वर वाचलं म्हणून विचारतो.

अमळनेरकर, न्यू जर्सी :

नाही चालणार, आणि हे सांगताना मलाही वाईट वाटतं. परस्पर मान्यता वेगळी आणि तिसऱ्या व्यक्तीचा निरोप वेगळा. पहिली परवानाधारकाला पाहुणा म्हणून बोलू देते. दुसऱ्यासाठी दोन देशांत स्वतंत्र करार लागतो. अमेरिकेने असे करार मुख्यतः आपल्या खंडातल्या देशांशी आणि बाहेरच्या थोड्या देशांशी केलेत, त्या यादीत भारत नाही. त्यामुळे तुम्ही भावाशी बोला, आई शेजारी बसून त्याचा आवाज ऐकू शकते. माइक मात्र परवानाधारकाच्याच हाती राहायला हवा.

आपत्तीच्या वेळची गोष्ट निराळी. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांची हॅम तुकडी अंदमानात होती, त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरमधून त्यांनी निरोप पोहोचवले. तुमच्या अक्राणीसारख्या भागात परवानाधारक वाढणं म्हणूनच गरजेचं आहे.

धडगावकर, अक्राणी :

समजलं. मग आईलाच परीक्षेला बसवतो. वयाची वरची मर्यादा नाही ना?

तारबाबू, भुसावळ :

नाही. बसवा खुशाल.

बोरीचं पाणी, सध्या स्टुटगार्ट :

भाच्याबद्दल एक तांत्रिक गोष्ट राहिली. परवाना मिळाला तरी त्याच्या हँडीतल्या साठवलेल्या फ्रीक्वेन्सी आधी पुसायला लावा. अमेरिकेत दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ आहे. भारतात १४४ ते १४६. त्यांची सगळ्यात प्रचलित कॉलिंग फ्रीक्वेन्सी १४६.५२, म्हणजे पालच्या डोंगरावर सवयीने बटण दाबलं की पहिल्याच हाकेला पट्ट्याबाहेर. सत्तर सेंटीमीटरचंही तेच, तिकडे ४२० ते ४५०, आपल्याकडे ४३४ ते ४३८. चाळीस मीटरवर ते ७.३ पर्यंत जातात, आपण ७.२ ला थांबतो. पाहुण्याला नेहमी यजमान देशाचा पट्टा लागू होतो.

गिरणा, चाळीसगाव :

हे फार महत्त्वाचं आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून विनापरवाना हँडी घेऊन शेतात, लग्नात वापरणारे आपल्याकडेही आहेत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

केळीबाग, फैजपूर :

सगळ्यांचे आभार. घरात बसून ठरवलं ते लिहितो.

भाच्याला कळवलं. तो हँडी आणणार नाही. अर्जाची कागदपत्रं जमवायला लागलाय, परवाना वेळेत आला तर इथे माझ्या सेटवर बसेल, नाही आला तर शेजारी बसून ऐकेल. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडच्या परवान्याची प्रत मागवली आहे.

पुतणीने जनरलसाठी पोर्टलवर अर्ज भरला. ऑगस्टच्या आत परीक्षेची तारीख लागेल की नाही सांगता येत नाही. लागली तर व्हीयू२ होऊनच जाईल. नाही लागली तर व्हीयू३ वर जाईल आणि तिकडे टेक्निशियन-जनरल एकाच बैठकीत देईल. प्रश्नसंच उतरवून घेतलाय. तिला एक शंका आहे : तिकडे जनरल झाली आणि नंतर सुट्टीत येऊन इथे व्हीयू२ झाली, तर अमेरिकेत कोणता कॉल वापरायचा?

अमळनेरकर, न्यू जर्सी :

अमेरिकेत अमेरिकेचा, भारतात व्हीयू२. दोन्ही परवाने एकाच वेळी ठेवता येतात. ती आली की मला इथे निरोप टाकायला सांगा, ॲरिझोनाहून इकडे वीस मीटरवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, सहज जमतं.

तारबाबू, भुसावळ :

भाऊ, तिला निघेपर्यंत रोज संध्याकाळी पाठवा. चोपड्याचं पोरही येतंय, दोघांना एकमेकांचं पाठवलेलं घेता येईल. हॅकसॉची पाती माझ्याकडे आहेत, फळी तेवढी आणायला सांगा.